सहा महिन्यांचं रेस्क्यू कुत्रं घरी आणताना

रस्त्यावरच्या कुत्र्यांची बरीचशी पिल्लं थंडीत जन्मतात. त्यातली गाडीखाली न सापडलेली, जुलाब-तापातून वाचलेली, कुणीतरी उचलून सांभाळलेली पिल्लं मे-जूनपर्यंत पाच-सहा महिन्यांची होतात. तोवर दोन महिन्यांची गोंडस पिल्लं लोकांनी नेलेली असतात, ही मागं राहतात. खरं तर घरी न्यायला हे वय फार चांगलं. दात बदलून होत आलेले असतात, लघवी थोडा वेळ धरता येते, मोठेपणी अंगापिंडानं केवढं होणार याचा अंदाज येतो. मात्र एक गोष्ट आधीच समजून घ्यायला हवी.

कुत्र्याच्या आयुष्यात साधारण ३ ते १४ आठवड्यांचा काळ वेगळा असतो. तेवढ्या दिवसांत जे पाहिलं, ऐकलं, हुंगलं आणि ज्यातून वाईट काही झालं नाही, ते सगळं त्याच्या मेंदूत ‘चालतंय’ या खात्यात जमा होतं. त्यानंतर समोर येणारी नवी गोष्ट आधी संशयाच्या खात्यात जाते. सहा महिन्यांच्या कुत्र्याची ही मुदत संपलेली असते. म्हणून दत्तक घेताना पहिला प्रश्न असा विचारा: पहिले तीन महिने हे कुठं होतं? गल्लीत वाढलेलं असेल तर रिक्षा, म्हशी, कोल्हापूरची केएमटी म्हणजे शहर बस यांचं त्याला काही वाटणार नाही, पण छताचा पंखा, मिक्सर, गुळगुळीत फरशी आणि जिना यांना ते घाबरेल. पिंजऱ्यात किंवा शेडमध्ये वाढलेलं असेल तर उलटं होईल. घरात मजेत आणि रस्त्यावर पाय टाकला की पोटावर बसून राहील. दोन्ही कुत्री शिकतात, पण काम वेगवेगळ्या ठिकाणी करावं लागतं. आईपासून कधी तोडलं तेही विचारा. आठ आठवड्यांच्या आत तोडलेलं पिल्लू खेळताना जोरात चावतं, कारण दात किती दाबायचे हा धडा आई आणि भावंडं देतात, आणि तो त्याचा राहून गेलेला असतो.

घरी नेण्याआधी वाट वाकडी करून डॉक्टरांकडे जा. कार्डावर लसींच्या तारखा नसतील तर लस झालेलीच नाही असं धरा. चार महिन्यांवरच्या कुत्र्याला सात-इन-वन किंवा नऊ-इन-वन (अनेक आजारांवरची एकत्रित लस) याचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, आणि रेबीजची लस. ही दरवर्षी चुकवायची नाही. लसीत लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराचा) भाग आहे ना, हे कोल्हापुरात आवर्जून विचारावं. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या शहरात पावसाळ्याचं साचलेलं, उंदराच्या लघवीचं पाणी कुत्रं पिणारच. जंताचं औषध वजनावर देतात, म्हणून आधी वजन करून घ्या. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीच्या मुळाशी गोचीड शोधा. गोचीड सापडले असतील आणि कुत्रं मलूल, हिरड्या फिकट, खाणं कमी असेल तर रक्त तपासून घ्या. गोचीडतापाचं कुत्रं ‘किती शांत आहे’ म्हणून लोक कौतुकानं घरी नेतात आणि दहा दिवसांनी उपचारानं ताकद आली की ‘आता हे उनाड झालं’ म्हणून तक्रार करतात. नसबंदी कधी करायची हेही त्याच भेटीत ठरवा, कारण मादी सहाव्या-सातव्या महिन्यातही माजावर येऊ शकते. कानाचं टोक कापलेलं दिसलं तर नसबंदी झालेली असण्याचीच शक्यता जास्त.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात मोठा धोका चावण्याचा नसतो, पळून जाण्याचा असतो. देशी कुत्र्याचं डोकं मानेच्या मानानं निमुळतं असतं. ते मागं सरकलं आणि तुम्ही पुढून ओढलं की साधा पट्टा कानांवरून सुटतो, आणि घर अजून ‘आपलं’ झालेलं नसल्यानं ते परत येत नाही. म्हणून हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्ही घाला आणि दोरी दोन्हींत अडकवा. हार्नेस आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं जावीत, तीन जात असतील तर सैल आहे. दारातून बाहेर पडण्याआधी घरातच समोर उभं राहून दोरी हलकेच आपल्याकडे ओढून बघा. सुटायचं असेल तर तिथंच सुटू दे. पट्ट्यावर फोन नंबर पहिल्या दिवसापासून हवा. जुन्या वाड्यात सोपा (ओसरी) आणि रस्ता यांच्यात एकच दार असतं, तिथं लाकडी फाटक किंवा जाळी बसवून घ्या, म्हणजे दूधवाला आला तरी दुसरी अडवण राहते.

पहिले तीन दिवस शिकवायचं काही नाही. एक कोपरा, त्यात गोणपाट किंवा जुनी चादर, पाण्याचं भांडं, आणि लोकांची ये-जा नसलेली जागा. नातेवाईक, शेजारी, तालमीतली पोरं यांना आठवडाभर थांबवा. ‘बघू दे की जरा’ म्हणत आठ माणसं वाकून डोक्यावर हात ठेवतात, तेव्हा कुत्र्याला आठ अनोळखी प्राणी अंगावर आल्यासारखं वाटतं. त्याच्याकडे न बघता थोड्या अंतरावर जमिनीवर, एका बाजूला वळून बसा आणि अधूनमधून चिकनचा तुकडा त्याच्या दिशेनं टाका. जवळ यायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.

दोन सवयी मात्र लगेच मोडा, आणि त्या माणसांच्या आहेत. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यानं ‘हाड’ या शब्दामागून दगड आलेला पाहिलेला असतो. घरात मांजराला किंवा कावळ्यालासुद्धा हाड-हाड करू नका. आणि त्याच्यासमोर अचानक खाली वाकू नका. माणूस वाकतो तो दगड उचलायला, एवढंच त्याला माहीत असतं. चप्पल घालायला वाकलेल्या आजोबांवर कुत्रं भुंकलं तर ते रागीट नाही, त्याचा हिशेब जुना आहे. हा हिशेब बदलता येतो: रोज दहा-पंधरा वेळा थोडं वाका, जमिनीवर एक तुकडा ठेवा, सरळ व्हा, बाजूला व्हा. आठवडाभरात वाकणारं माणूस दिसलं की शेपटी हलायला लागते. झाडू आणि काठीचंही असंच. आधी भिंतीला टेकवून ठेवलेली, मग हातात पण न हलवता, मग सावकाश हलवत, आणि प्रत्येक पायरीला खाऊ.

खाण्याचं थोडक्यात. दहा-बारा किलोच्या वाढत्या कुत्र्याला साधारण २०० ते २५० ग्रॅम पिल्लांचं कोरडं खाद्य दिवसाला, तीन वेळांत विभागून. आधी जे खात होतं त्यातून नव्यावर यायला सात दिवस घ्या, रोज थोडं जुनं कमी आणि थोडं नवं जास्त, नाहीतर जुलाब ठरलेले. घरचं देणार असाल तर भात, उकडलेलं चिकन, अंडं, भोपळा चालतो, पण वाढत्या हाडांना नुसत्या त्यावर कॅल्शियम पुरत नाही, त्याचं प्रमाण डॉक्टरांकडून घ्या. रविवारी उरलेला रस्सा भातावर ओतून द्यायची आपल्याकडची माया इथं आवरा. तांबडा असो की पांढरा, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो. शिजवलेलं हाड चिरफळतं आणि आतड्यात टोचतं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नको. दूध पचलं तर ठीक, बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही.

लघवीसाठी सुरुवातीला दर दोन तासांनी बाहेर न्या, शिवाय उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर. गल्लीतल्या कुत्र्याला मातीची सवय असते, ते गच्चीच्या फरशीवर तासभर फिरून घरात येऊन पायपुसण्यावर करतं. परडं (घरामागचं अंगण) असेल तर प्रश्न नाही. फ्लॅटमध्ये ट्रेमध्ये माती आणि हरळीचा तुकडा ठेवा. आपल्याकडचा जुलैचा पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही आणि भिजत लघवीला जायला कुत्रं तयार नसतं, तेव्हा पत्र्याखाली, जिन्याखाली अशी कोरडी मातीची जागा जूनमध्येच करून ठेवा. बाहेर केलं की तिथंच, तीन सेकंदांच्या आत खाऊ. घरात येऊन दिलेला खाऊ त्याला घरात आल्याबद्दल मिळाला असं वाटतं. आत केलं तर नाक घासणं, ओरडणं काही नको. त्यानं ते फक्त लपून करायला शिकतं. फिनेलनं पुसू नका, ते पंजाला लागतं आणि चाटण्यातून पोटात जातं. डाग विघटित करणारं एन्झाइमचं क्लीनर वापरा, कारण वास राहिला की जागा पक्की होते.

आता मुख्य काम. सोशलायझेशन म्हणजे कुत्र्याला गर्दीत नेणं, असा समज फार पसरला आहे. मोकळा वेळ मिळाला की घाबरट कुत्र्याला दुचाकीवर बसवून संध्याकाळी थेट रंकाळा तलावाच्या चौपाटीवर न्यायचं, भेळेच्या गाड्यांमधून फिरवायचं, ओळखीच्या चार पोरांना हात लावायला लावायचा आणि ‘होईल सवय’ म्हणायचं. सवय होत नाही. ते सुन्न होतं, शेपटी पोटाला चिकटते, आणि लोकांना ते शांत वाटतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणाच्या तरी हाताला दात लागतो. या वयात कुत्र्याला गर्दी शिकवायची नसते. गर्दी लांबून दिसली तरी आपलं काही बिघडत नाही, एवढंच शिकवायचं असतं. त्यासाठी आपल्या हातात एकच खरं हत्यार आहे, ते म्हणजे अंतर.

अंतर मोजायची साधी रीत अशी. मीठ-हळद न घालता उकडलेलं चिकन हरभऱ्याएवढं चिरून डबीत घ्या. १०० ग्रॅममध्ये शंभरेक तुकडे सहज होतात, फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतात. ज्याची भीती आहे ती गोष्ट, समजा हेल्मेट घातलेला माणूस, लांबून दिसली की कुत्र्याचे कान टवकारतात. तेव्हा एक तुकडा द्या. खाल्ला, तर अंतर बरोबर आहे. तोंड फिरवलं, किंवा एरवी हळुवार घेणाऱ्या कुत्र्यानं बोटासकट ओढला, तर तुम्ही फार जवळ आहात. दहा पावलं मागं या आणि पुन्हा बघा. एरवी खाणं नाकारणारं कुत्रं क्वचितच भेटतं. भीती जास्त झाली की पोट बंद होतं, म्हणून ही खूण सहसा फसवत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे आणि बहुतेकांचं इथंच चुकतं. आधी हेल्मेटवाला दिसला पाहिजे, मग खाऊ. आपण उलटं करतो. कुणी येताना दिसलं की कुत्र्याचं लक्ष वळवायला आधीच डबी उघडतो. असं आठ-दहा वेळा झालं की डबीचा आवाज म्हणजे संकट येतंय, हे ते शिकतं, आणि मग घरातही चिकनकडे संशयानं बघतं. हेल्मेटवाला दिसेनासा झाला की खाऊही बंद. त्याच्यासोबतच खाऊ येतो आणि त्याच्यासोबतच जातो, हे इतकं स्वच्छ ठेवायचं.

एका वेळी पाच ते दहा मिनिटं पुरेत. सरावाच्या पहिल्या आठवड्यात पहाटे साडेपाच-सहाला आपलीच गल्ली. मग शांत वेळी जरा रुंद रस्ता, लांबून. शाळा सुटायच्या वेळी फाटकापासून शंभर-दीडशे फुटांवर. धारोष्ण दुधासाठी म्हशी येऊन थांबतात त्या कट्ट्यापासून लांब, वाऱ्यानं फक्त वास येईल असं. रंकाळ्यावर न्यायचंच असेल तर पहाटे, शालिनी पॅलेसच्या बाजूनं. चौपाटीची संध्याकाळ आणि गजबजलेला महाद्वार रोड सगळ्यांत शेवटी, आणि नेलंच नाही तरी कुत्र्याचं काही अडत नाही. आज साठ फुटांवर खाल्लं म्हणून उद्या तीस फूट करू नका. पन्नास करा. आणि सहा ते चौदा महिन्यांच्या दरम्यान कधीतरी आठ-पंधरा दिवस असे येतात की कालपर्यंत चालणारी कचऱ्याची गाडी आज अचानक चालत नाही. वाढीतला हा टप्पा आहे. तेवढे दिवस अंतर पुन्हा दुप्पट करा, ढकलू नका.

अनोळखी माणसांनी कुत्र्याला हातानं खाऊ देऊ नये असं आमचं मत आहे, आणि त्यावर आम्ही ठाम आहोत. भित्रं कुत्रं भूक लागली म्हणून मान लांब करून खाऊ घेतं आणि तुकडा तोंडात गेल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपण माणसाच्या फार जवळ आलोय. चावे त्या क्षणाला होतात. त्याऐवजी पाहुण्यानं तुकडा कुत्र्याच्या मागं टाकावा. कुत्रं लांब जाऊन खातं, वळतं, मनात असेल तर पुन्हा येतं.

शिकवायच्या शब्दांत मराठी घरात एक खास अडचण आहे. ‘बस’ हा शब्द कुत्रं दिवसभर ऐकतं. जेवताना ‘बस, बस’, फोनवर ‘बस चुकली’, पोरांना ‘गप बस’. ‘ये’चंही तसंच. दिवसात पन्नास वेळा जो शब्द आपल्यासाठी नसतो, त्याकडे कुत्रं दुर्लक्ष करायला शिकतं. म्हणून ‘सिट’ आणि ‘कम’ म्हणणारी घरं व्यवहाराचंच बोलतात. ‘यू-यू’ हा सगळ्या गावाचा शब्द आहे, त्यावर तुमचं कुत्रं कुणाच्याही मागं जाईल. शब्द कोणतेही ठरवा, पण कागदावर लिहून फ्रीजवर लावा आणि आजीपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांनी तेच वापरा.

सुरुवात नावापासून. नाव घेतलं, वळून बघितलं, तुकडा. दिवसातून चार-पाच वेळा, दरवेळी तीन मिनिटं. मग हाक. घरात सहा फुटांवरून, मग परड्यात, मग मैदानात लांब दोरीवर. पंधरा-वीस फुटांचा मऊ सुती दोर घ्या, तो हार्नेसच्या पाठीवरच्या कडीत अडकवा, मानेच्या पट्ट्यात कधीच नाही, कारण पळत जाऊन झटका बसला तर मानेला इजा होते. हाक मारून अंघोळ, औषध किंवा रागावणं असलं काही करू नका. त्यासाठी आपण उठून त्याच्याकडे जायचं. हाकेवर आल्यावर एकदा जरी फटका मिळाला तर महिनाभराचं काम जातं. ‘सोड’ शिकवताना तोंडातून ओढू नका, अदलाबदल करा. तोंडात कोल्हापुरी असेल तर, आणि ती असणारच, कारण कमावलेल्या कातड्याचा वास त्याला खाण्याचाच वाटतो, नाकाशी चिकन धरा, चप्पल सुटली की शब्द म्हणा, चिकन द्या. आणि चपला कपाटात ठेवा.

खाताना जवळ गेलं की ताठ होणं, भराभर गिळणं, गुरगुरणं हे उपाशी राहिलेल्या कुत्र्यात नेहमीचं. ताटलीत हात घालून ‘मालक कोण’ ते दाखवू नका. चार-पाच फुटांवरून जाताना ताटलीत काहीतरी जास्त चांगलं टाका आणि निघून जा. लहान मुलांना त्या वेळी दाराबाहेर ठेवा. गुरगुरण्याबद्दल मारू नका. ती सूचना आहे. सूचना बंद केली की कुत्रं थेट चावतं. गुरगुरण्याच्याही आधी ते ओठ चाटतं, झोप नसताना जांभई देतं, मान न वळवता डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत बघतं, क्षणभर दगडासारखं थांबतं. घरातल्या मुलांना हे चार इशारे ओळखायला शिकवा, ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. तरीही दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून थांबायचं नाही, इंजेक्शनचं डॉक्टर ठरवतील.

गल्लीतली कुत्री ही वेगळी डोकेदुखी. त्यांच्या दृष्टीनं तुम्ही त्यांच्या हद्दीत परकं कुत्रं फिरवताय. एकदम नाकाला नाक लावू नका. त्यातल्या शांत कुत्र्याला ओळखीच्या माणसानं दोरीवर घ्यावं आणि दोघांनी वीस-तीस फुटांवरून एकाच दिशेनं, समांतर चालावं. रोज दहा-पंधरा मिनिटं. आपोआप अंतर कमी होतं. टोळी अंगावर आलीच तर मूठभर खाद्य त्यांच्या बाजूला जमिनीवर फेका आणि न पळता वळा.

ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती येतो तेव्हा तुमचं कुत्रं आठ-नऊ महिन्यांचं, म्हणजे नेमकं भित्र्या टप्प्यात असतं. हलगी, ताशा आणि फटाक्यांचं रेकॉर्डिंग दोन महिने आधीपासून, रोज दहा मिनिटं, कान हलतील-न हलतील इतक्या कमी आवाजात लावा आणि सोबत जेवण द्या. आवाज तीन-चार दिवसांनी एकेक घर वाढवा. याचा हलगीला आणि लांबच्या फटाक्यांना उपयोग होतो. डॉल्बीला होत नाही, कारण छातीत धडधडणारा खालचा सूर मोबाइलच्या स्पीकरमधून येतच नाही, त्याची तालीम घरी करता येत नाही. तिथं आसराच द्यायचा. मिरवणुकीच्या मार्गाजवळ राहत असाल तर कुत्र्याला आधी दोन-तीनदा नेलेल्या, ओळखीच्या घरी शहराबाहेर ठेवणं सगळ्यात बरं. ते जमत नसेल तर आतली, कमी खिडक्यांची खोली, फरशीवर गादी, कूलर किंवा पंखा पूर्ण जोरात. औषधाबद्दल डॉक्टरांना पंधरा दिवस आधी विचारा आणि एखाद्या साध्या दिवशी ते देऊन परिणाम बघा. नुसती गुंगी आणणारं औषध भीती घालवत नाही, कुत्रं हलू शकत नाही पण आतून घाबरलेलंच राहतं, हा फरक स्पष्ट विचारून घ्या. घाबरून ते तुमच्या मांडीत शिरलं तर घ्या. जवळ घेतल्यानं भीती वाढत नाही.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी दोन-तीनच्या आतच फिरवून आणा, हार्नेस-पट्टा दोन्ही घालून. संध्याकाळी पोटभर जेवण, पाणी आत, मातीचा ट्रे आत, फोन नंबर असलेला पट्टा रात्रभर गळ्यात. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी एकच दार ठेवा आणि त्याच्या आतली जाळी लावलेली असू द्या. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर गुलाल असतो, फिरून आल्यावर पंजे आणि पोट ओल्या फडक्यानं पुसून घ्या. आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस सराव बंद ठेवा, कारण घाबरलेल्या अंगातला ताण उतरायला तेवढा वेळ लागतो. चौथ्या दिवशी पहाटे आपल्याच गल्लीत, पहिल्या आठवड्याच्या अंतरापासून पुन्हा सुरू करा.